पहिल्या बाजूच्या शेवटी

स्टुडिओ कसला, खाणकामगारांच्या क्लबामागची
बिअरच्या पेट्यांची खोली.
भिंतींवर गाद्या टांगल्या होत्या, त्यात आमच्या घरच्या तीन.
जूनची थंडी आम्ही चटईवर काढली.
आई म्हणायची, पोरगा नाव काढणार म्हणतो,
आधी माझी कंबर काढतोय.

किट्वे, एकोणीसशे चौऱ्याहत्तर.
तांब्याला भाव होता.
पगाराच्या दिवशी पोरं उंच टाचांचे बूट घालून
लाल मातीतून बगळ्यांसारखी चालायची,
आणि रात्री खाणवाले वितळलेली मळी
काळ्या डोंगरावरून ओतायचे,
की सगळ्या वस्तीवर नारिंगी उजेड.
त्या उजेडात माझा भाऊ कपाम्ब्वे
तेलाच्या डब्यांवर ठोके बसवायचा.
ड्रम पुढे आले, हप्त्यावर.

लुबिंदाची गिटार, आणि एक खोकं,
त्यानं स्वतः जोडलेलं, बिस्किटांच्या डब्यात.
त्यावर पाय दिला की सूर
कल्हई उडालेल्या पातेल्यासारखा कडवट व्हायचा.
चितालू बेस वाजवायचा.
दिवसभर जमिनीखाली, संध्याकाळी आमच्याकडे,
नखांत दगडाची भुकटी तशीच.
बोलायचा कमी. गायचा नाहीच.

टेप महाग. मिस्टर सिलुंग्वे
दाढीच्या पात्यानं ती कापायचे, जोडायचे,
उरलेले तुकडे शर्टाच्या खिशात.
पोरांनो, म्हणायचे,
चुका, पण सगळे एकदम चुका.

मी चौदाची. न्शिमाचं पातेलं घेऊन जायचे.
तिसऱ्या गाण्यात टाळ्या हव्या होत्या,
आणि त्यांचे सगळ्यांचे हात गुंतलेले.
अकरा वेळा वाजवल्या. तळवे सुजले.
कव्हरच्या मागे सगळ्यांची नावं आहेत,
क्लबच्या वॉचमनचंसुद्धा.
टाळ्यांपुढे लिहिलंय : मित्रमंडळी.
मित्रमंडळी म्हणजे मी.

पहिल्या बाजूचं शेवटचं गाणं.
लुबिंदा ऐन भरात, आणि दहाच्या पाळीचा भोंगा झाला.
तो थांबला नाही,
तार ओढत ओढत भोंग्याच्या सुराला जाऊन भिडला.
मग सगळे गप्प. शेवटची तार विरत होती,
तेवढ्यात चितालू खोकला.
सिलुंग्वेंनी रिळाकडे पाहिलं. टेप चार बोटं उरली होती.
राहू दे, म्हणाले.

एन्डोलात पाचशे तबकड्या निघाल्या.
दोनशे खपल्या. बाकीच्यांचं काय झालं,
कुणी सांगतं कुणाच्या छपरावर, कुणी सांगतं जत्रेत.
मग तांबं पडलं. लुबिंदानं गिटार देऊन सायकल घेतली.
मग ती वर्षं आली, शनिवार म्हणजे दफन,
आजाराचं नाव कुणी घेत नव्हतं.
चितालू आधी. कपाम्ब्वे पावसाळ्याअखेर.
सोन्याचे दिवस नव्हते ते. तांब्याचे होते,
डाग पडतात त्यांच्यावर.

परवा रॉटरडॅमहून एक मुलगा आला.
चांगला होता, चहात चार चमचे साखर.
म्हणाला, तुमची एक तबकडी तिकडे
इतक्याला गेली. मी माझ्या छपराकडे पाहिलं.
म्हणाला, नव्यानं काढतोय, स्वच्छ करून.
आणि कानांवर यंत्र ठेवलं.

सगळं होतं. माझ्या टाळ्यासुद्धा, पावसासारख्या लख्ख.
शेवटी भोंगा नव्हता.
लुबिंदाची तार कुणालाच न भेटता परत फिरली.
आणि त्यानंतर नुसती शांतता,
इस्पितळातल्या नव्या चादरीसारखी.

बाळा, खोकला कुठाय?
तो बिचारा हसला. म्हणाला, तो आवाज नव्हता, आजी,
तो बिघाड होता.

मी जुनी तबकडी लावली. खरखर, खरखर, भोंगा,
आणि त्या जागी सुई आली तेव्हा
माझा हात, पन्नास वर्षांच्या सवयीनं,
पाण्याच्या पेल्याकडे गेला.
मुलानं तो पाहिला.
खिशातून पेन काढलं, आणि विचारलं,
नाव कसं लिहायचं त्यांचं?

चितालू, मी म्हटलं.
आणि खाली अजून एक लिही. कसोंदे.